‘पोरं मशिनकडं बघत बसतात’: एका पालकांच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. आमच्या गणिताच्या क्लासला तुम्ही दिलेला एक स्टारचा रिव्ह्यू दोनदा वाचला. मुलगी दहावीला आहे, बीजगणिताच्या तासाला आलेखाच्या कॅल्क्युलेटरवर (समीकरण घातलं की पडद्यावर आलेख काढणारं मशिन) रेषा बघत बसते, एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्डाला, तो चालत नाही, मोबाइलवर फुकट मिळतं त्याला डिपॉझिट कशाला, आणि आमच्याच चाचणीत ‘रेषा समांतर, उकल नाही’ लिहून तिचे चार मार्क गेले, असं तुम्ही लिहिलंय. वर ‘अमेरिकेची नक्कल’ असा शेरा.

आधी त्या चार मार्कांचं, कारण तिथं चूक माझी आहे. उदाहरण होतं क्ष − य = −२ आणि ६क्ष − ५य = १०, मशिनवर सोडवायचं. आमच्या मशिनचा पडदा −१० ते १० असा लावलेला असतो. तेवढ्या जागेत या दोन रेषा शेताच्या दोन बांधांसारख्या शेजारून जातात. भेटतात (२०, २२) वर, म्हणजे पडद्याच्या पार बाहेर. मुलीनं दिसलं ते लिहिलं. विंडो, म्हणजे पडद्याची ही हद्द, वाढवून बघायचं मी त्या बॅचला शिकवलंच नव्हतं. तो तास गणपतीच्या सुट्टीत गेला आणि नंतर राहूनच गेला. सहगुणकांची, म्हणजे क्ष आणि य यांच्या आधीच्या आकड्यांची, गुणोत्तरं १/६ आणि १/५, वेगळी आहेत, म्हणजे रेषा छेदणारच, हे आधी तपासायची सवयही मीच लावायला हवी होती. आणखी चौघांनी तेच उत्तर लिहिलं होतं. ते उदाहरण चाचणीतून काढलंय, आणि आता विंडोचा पहिला धडा त्याच्यावरच घेतो.

बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, खरंय. म्हणून तर सुरुवातीचे पाच आठवडे मशिनं कपाटात असतात. किमतींचा तक्ता, आलेख कागद, टोकदार पेन्सिल. तिची वही उघडून बघा की, जूनपासूनचे आलेख सापडतील. प्रमाण लिहायचं राहिलं तर मी अर्धा मार्क कापतो, त्यावरून पोरं चिडतात ते वेगळंच. मशिन फक्त शनिवारी वीस मिनिटं, दोघांत एक.

मग ती वीस मिनिटं तरी कशाला? मागच्या शनिवारी य = क्ष² − ४क्ष + ३ काढायला लावलं. वक्र आडव्या अक्षाला १ आणि ३ वर छेदतो. ‘आता ३ च्या जागी ४ घाला.’ वाटी वर सरकली, २ वर नुसती टेकली. ५ घातल्यावर अधांतरी. येळ्ळूरहून येणारा एक मुलगा, एरवी तोंड उघडत नाही, एकदम म्हणाला, ‘सर, विवेचक ऋण झाला म्हणून ती खाली पोचतच नाही.’ विवेचक म्हणजे ब² − ४अक; तो ऋण आला की वक्र आडव्या अक्षाला भेटत नाही. इतके दिवस तो मुलगा हे सूत्र पाढ्यासारखं म्हणत होता. हातानं हे तीन आलेख काढायला अख्खा तास जातो, आणि तिसरा होईपर्यंत पहिला कुणाच्या डोक्यात नसतो.

मोबाइलवरची आलेख काढायची ॲप, जिओजेब्रा आणि डेस्मॉस, दोन्ही फुकट आहेत आणि उत्तम आहेत. घरी तीच वापरू द्या. वर्गात मात्र मोबाइल हातात दिला की पाचव्या मिनिटाला रील सुरू. या मशिनवर रील लागत नाही, आणि करंट गेला तरी ते सेलवर चालतं. डिपॉझिट ५०० रुपये, वर्षअखेर परत. गेल्या वर्षी दोन मशिनं जिन्यावरून पडली, तेव्हापासून घेतो.

नक्कलीचं म्हणाल तर असलं पहिलं मशिन १९८५ साली जपानच्या कॅसिओनं काढलं. अमेरिकेत १९९४ पासून सॅटच्या, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या, परीक्षेला ते नेता येतं, त्यामुळं तिकडची पोरं त्याच्यावर विसंबली तरी निभतं. आपल्याकडं निभत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

या शनिवारी साडेपाचला टिळकवाडीच्या वर्गावर या, मुलीशेजारी बसा. तेच उदाहरण आधी कागदावर काढून घेऊ, १ सेंमी = २ एकक धरलं की (२०, २२) आरामात बसतं, मग मशिनवर. तरी पटलं नाही तर ५०० रुपये लगेच घेऊन जा. सकाळच्या बॅचला मशिन नसतं, तिथं तिच्यासाठी एक जागा धरून ठेवलीय.