भोंग्याची कानउघाडणी

मारबतीची मिरवणूक आठवड्यावर आली की नागपुरातला प्रत्येक डीजे टॉप, म्हणजे वरचे सूर काढणारा भोंगा, एकाएकी चिरकायला लागतो. मालक भोंग्यामागचं चुंबकाचं युनिट काखेत मारून माझ्याकडे दुरुस्तीला येतो. "भाऊ, याले थोडं गोड करून द्या न!" गोड करायला काय, बासुंदी आहे?

तरी मी मीटर लावतो. आठ ओहमच्या कॉइलनं, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीनं, सहाच्या आसपास दाखवलं म्हणजे ती जिवंत आहे. कव्हर नि चुंबकावर मिळून मार्करची एक रेघ मारायची आणि मगच स्क्रूला हात लावायचा. खरा छळ इथून सुरू होतो. चुंबक पेचकस हातातून हिसकावून घेतं आणि टायटॅनियमचा डायफ्राम, म्हणजे थरथरून आवाज काढणारा पडदा, कागदाहून पातळ. टोक लागलं की खळी. ती गालावर शोभते, इथे नाही. म्हणून डायफ्राम सरळ वर उचलायचा, पंखा बंद करायचा आणि त्यावर वाटी पालथी घालायची.

चुंबकात कॉइल बसते त्या फटीतला लोखंडी कीस फुंकरीनं निघत नाही, चुंबक सोडेल तर ना! जुन्या लग्नपत्रिकेची पट्टी कापून तिला मास्किंग टेप चिकट बाजू बाहेर ठेवून गुंडाळायची आणि टेप स्वच्छ निघेपर्यंत फटीत फिरवत राहायची. पत्रिका जाड हवी, मुलीकडची असो की मुलाकडची.

मागच्या कव्हरात कुणीतरी गादीचा कापूस कोंबलेला असतोच. त्याचे तंतू कॉइलमध्ये शिरतात. त्याऐवजी तीन मिलिमीटरचा फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा तुकडा, चिकटवावा, डायफ्रामला न टेकणारा. डायफ्रामला नेलपॉलिश लावणाऱ्यांना माझा दुरूनच नमस्कार. वजन वाढतं नि वरचे सूर जातात.

बसवताना स्क्रू समोरासमोरचे, पाव-पाव फेऱ्यानं आवळायचे. सोबत मोबाइलवरून ५०० ते २००० हर्ट्झचा टोन, अगदी हळू. खर्रखर्र आली की डायफ्राम केसभर सरकवायचा.

आणि एवढं करून चिरक्या आवाजाचा दोष बहुतेकदा युनिटच्या आत नसतोच! भोंगा वूफरपेक्षा, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या स्पीकरपेक्षा, दहा डेसिबल मोठ्यानं बोलतो, बस. त्याला आवरायला अॅम्प्लिफायरकडून आधी १० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर (उलटसुलट कसाही जोडता येणारा) कपॅसिटर, म्हणजे हिशेबानं २००० हर्ट्झखालचं ओझं उतरत जातं. मग ५.६ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये, म्हणजे त्याच वायरीत पुढे, आणि ३.९ ओहमचा युनिटला समांतर, दोन्ही दहा वॅटचे. अॅम्प्लिफायरला पुन्हा आठच ओहम दिसतात.

मालक कान लावून ऐकतो. "गोड झालं जी. पण आवाज कुठं गेला?" आणि व्हॉल्यूम शेवटपर्यंत फिरवतो.