धबधब्याखाली कोरडे राहण्याची विद्या

नाशिकच्या गंगापूर रस्त्याने कॉलेजला जा-ये करणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला या सत्रात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हा विषय आला आहे, त्यांनी प्रथम घाबरणे सोडावे. हा विषय गणितासारखा नाही; यात नापास होऊन केटी लागायला विशेष कष्ट घ्यावे लागतात. खरा धोका निराळाच आहे. बेसावध विद्यार्थ्याला हा विषय चुकून समजू शकतो, आणि एकदा समजला की स्वतःच्याच प्रोजेक्टकडे पूर्वीच्या निर्मळ मनाने पाहता येत नाही. तो धोका टाळून चांगले गुण कसे मिळवावेत, याविषयी अनुभवाचे चार शब्द सांगतो.

पहिले युनिट इतिहासाचे असते. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या विज्ञान समितीने एक परिषद भरवली होती. सॉफ्टवेअर वेळेत पुरे होत नाही, खर्च अंदाजाबाहेर जातो आणि हाती येते ते मागितलेले नसते, अशी तक्रार घेऊन अनेक देशांतले जाणकार तिथे जमले होते. या दुखण्याला 'सॉफ्टवेअर क्रायसिस' म्हणतात. उत्तरपत्रिकेत त्याची लक्षणे क्रमांक घालून लिहावीत. मात्र लिहिताना आपल्या ग्रुपचा विचार मनात येऊ देऊ नये, नाहीतर लक्षणांची यादी लांबते आणि पुढच्या प्रश्नाला वेळ उरत नाही.

त्यानंतर येते वॉटरफॉल मॉडेल, म्हणजे मागे न फिरता एकेक पायरी उतरत सॉफ्टवेअर करण्याची पद्धत. सोमेश्वरच्या धबधब्यावर भजी खाल्लेल्या नाशिककराला ते समजावून सांगावे लागत नाही: वरून पडलेले पाणी पुन्हा वर चढत नाही. विन्स्टन रॉइस यांनी १९७० च्या निबंधात ही पायऱ्यांची आकृती काढली आणि लागलीच पुढे लिहिले, की ही पद्धत अशीच राबवणे जोखमीचे असून ते अपयशाला आमंत्रण आहे. 'वॉटरफॉल' हा शब्दही त्यांनी त्या निबंधात वापरला नव्हता. पण आपल्याकडे गुण आकृतीला आहेत, तिच्याखालचा मजकूर वाचायला नाहीत. तेव्हा पट्टी घ्यावी, चौकोन सारखे काढावेत आणि फायद्यांमध्ये 'समजण्यास सोपे' हा मुद्दा विसरू नये.

दुसरे युनिट गरजा जाणून घेण्याचे. पहिली दोन युनिटे सत्राच्या मधल्या परीक्षेच्या, म्हणजे इन-सेमच्या, ३० गुणांना आणि उरलेली चार सत्राअखेरच्या एंड-सेमच्या ७० गुणांना, ही आपली वाटणी मोठ्या दूरदृष्टीने केलेली आहे. ग्राहकाला काय हवे आहे, हे इन-सेम संपताच अधिकृतपणे विसरता येते आणि रचना, जोखीम, चाचणी ही पुढची कामे मोकळ्या डोक्याने करता येतात. बड्या कंपन्यांना हे साधायला वर्षानुवर्षे लागतात; आपल्याकडे एका सत्रात होते.

गरजा जाणून घेण्यासाठी खऱ्या माणसाला भेटा, असे एखादे उत्साही सर सुचवतील. होकार द्यावा, जाऊ मात्र नये. आमच्या वर्गातला एकजण गेला होता. पिंपळगाव बसवंतला त्याच्या मामांचे खते-औषधांचे दुकान आहे. त्यांच्या उधारीचे सॉफ्टवेअर करू म्हणून तो वही घेऊन त्यांच्या गल्ल्याशेजारी बसला.

"मामा, उधारी फेडायची मुदत काय ठेवू?"

"माल गेल्यावर."

"तसं नाही, तारीख सांगा."

"अरे, माल गेल्यावर म्हणजे माल गेल्यावर. द्राक्षाला भाव नाही मिळाला तर तो पुढच्या छाटणीपर्यंत थांबतो. गारपीट झाली तर आपण थांबतो."

भाच्याने आखलेल्या डेटाबेसच्या टेबलात मुदतीचा रकाना तारखेचा होता आणि तो रिकामा सोडायला त्यानेच बंदी घातली होती. मग मामांनी खतावणी उघडली. एकाच नावाचे, एकाच आडनावाचे तीन शेतकरी. पहिल्यापुढे कंसात 'विहिरीवाला', दुसऱ्यापुढे 'तात्यांचा जावई', आणि तिसऱ्यापुढे काहीच नाही, कारण तो मूळचा. एक खाते मेलेल्या माणसाच्या नावे चालू होते. फेडत त्याचा मुलगा होता, पण नाव बदलायचे नाही अशी त्याच्या आईची इच्छा होती. दोन तासांत भाच्याचा मुदतीचा रकाना गेला, प्रत्येक खाते वेगळे ओळखणारी प्रायमरी की गेली, आणि नंतर झोपही गेली. त्या सत्रात त्याने डेटाबेस सहा वेळा बदलला आणि सबमिशनला तो सर्वांत शेवटी पोहोचला. एका चांगल्या मुलाचा विषय असा पक्का होताना पाहणे क्लेशदायक असते.

आम्ही शहाणपणा केला. सीनिअरकडून ग्रंथालयाच्या प्रोजेक्टची फाइल घेतली आणि ती रुग्णालयाची केली. फाइंड अँड रिप्लेसने 'पुस्तका'च्या जागी 'रुग्ण' आणि 'ग्रंथपाला'च्या जागी 'डॉक्टर' बसवले. अर्ध्या मिनिटात चाळीस पानांचा एसआरएस, म्हणजे गरजांचा दस्तऐवज, तयार झाला. त्यातले एक कलम असे होते: 'प्रत्येक रुग्ण पंधरा दिवसांत परत करावा, उशीर झाल्यास रोज एक रुपया दंड पडेल. फाटलेला रुग्ण स्वीकारला जाणार नाही.' हे कलम कॉलेज रोडवरच्या झेरॉक्सवाल्याने स्पायरल बाइंडिंग करताना वाचले आणि आमच्याकडे एकदा पाहिले. तो दस्तऐवज कोणी वाचल्याची ती माझ्या माहितीतली एकमेव वेळ.

खर्चाच्या अंदाजासाठी कोकोमो हे सूत्रांचे मॉडेल वापरावे. बॅरी बोहम यांनी १९८१ मध्ये ६३ प्रोजेक्टांच्या आकड्यांवरून ही सूत्रे मांडली. दोन हजार ओळींचा साधा प्रोजेक्ट धरला, तर सूत्राने सुमारे पाच मानव-महिन्यांचे, म्हणजे एका माणसाच्या पाच महिन्यांचे, श्रम आणि साडेचार महिन्यांचा अवधी येतो. आमचा प्रोजेक्ट दोन रात्रींत झाला होता, आणि अंदाज आम्ही तिसऱ्या रात्री काढला. यात लाजण्यासारखे काही नाही. गोदावरीला किती पूर आला, हे नाशिककरसुद्धा नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला किंवा छातीला पाणी लागल्यावरच सांगतो, आणि त्याचे माप कधी चुकल्याचे ऐकिवात नाही.

प्रोजेक्ट डायरीतील साप्ताहिक नोंदी एकाच बैठकीत लिहिल्या तरी चालतात, पण पेन तीन असावेत आणि एखाद्या आठवड्यावर चहाचा डाग पडू द्यावा. चौघांच्या ग्रुपमध्ये एकाने कोड लिहावा, एकाने प्रिंट आणावी, एकाने सरांना फोन करावा आणि चौथ्याने समन्वय साधावा. काम रखडले म्हणून पाचवा घेऊ नये. उशीर झालेल्या प्रोजेक्टात माणसे वाढवली की उशीर आणखी वाढतो, हे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच सांगून ठेवले आहे. आमच्या अनुभवाने ते चौथ्यालाही लागू पडते.

चाचणीच्या तक्त्यात 'अपेक्षित निकाल' हा रकाना भरावा आणि 'प्रत्यक्ष निकाल' या रकान्यात तोच मजकूर चिकटवावा. दुसऱ्याचे सॉफ्टवेअर उचलून नव्याने न तपासणे यात कमीपणा वाटत असेल, तर एरियान ५ आठवावे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याची स्थिती आणि दिशा मोजणारे सॉफ्टवेअर एरियान ४ वरून आले होते. जुन्या रॉकेटात ते बिनतक्रार चालले होते. नव्याचा आडवा वेग जास्त निघाला, ६४ बिटांचा आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही आणि यंत्रणाच बंद पडली. त्या मानाने आमच्या रुग्णालयात केवळ एक रुपया दंड होता.

राहता राहिली ओरल, म्हणजे तोंडी परीक्षा. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, नेमके फाटलेल्या रुग्णाचे पान उघडून थांबले तेव्हा आमचा समन्वयक पाणी प्यायला बाहेर गेला. त्यांनी ते कलम वाचले की नाही, हे सांगता येणार नाही, कारण तेवढ्यात चहा आला, कप डाव्या हाताला ठेवून त्यांनी पान उलटले, "कोणतं मॉडेल वापरलं?" असे विचारले, आणि आम्ही चौघांच्या वतीने तिघांनी एका सुरात "वॉटरफॉल" म्हणताच सही केली.

आता ज्युनिअर फाइल मागायला येऊ लागले आहेत. त्यातल्या एका चौकस मुलीने फाटलेल्या रुग्णाचे कलम दुरुस्त करून देऊ का, असे विचारले. तिला मी पाचव्या युनिटातले कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट, म्हणजे बदलांवर ताबा ठेवण्याचे प्रकरण, वाचायला सांगितले आहे. सही झालेला दस्तऐवज ही बेसलाइन, म्हणजे पक्की ठरलेली प्रत, असते आणि चेंज कंट्रोल बोर्डाच्या मंजुरीवाचून तिच्यात अक्षराचाही बदल करता येत नाही.