एक बोट

लातूर सोडताना मला सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला असेल, तर आता कोपऱ्याकोपऱ्यावर ‘काय, कुठं निघालात?’ असं कुणी विचारणार नाही याचा. बायकोला कॅनडात, सस्कॅचेवान प्रांतात नर्सची नोकरी लागली. माझं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही चालणारं. तर आम्ही मूस जॉ शहराच्या पश्चिमेला एका खेड्यात येऊन पडलो. वस्ती शंभराच्या आत. धान्य साठवायचा एक उंच एलेव्हेटर, एक पोस्ट, कर्लिंगची, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाची, एक रिंक आणि चहूकडे मसूर. कॅनडातला बहुतेक मसूर याच प्रांतात पिकतो आणि त्यातला बराचसा आपल्याकडे येतो. म्हणजे डाळ भारतात निघाली होती आणि मी तिच्या शेतात.

दुसऱ्याच आठवड्यात बायको दवाखान्यातून बातमी घेऊन आली.

“गावात विचारतायत, तुझ्या नवऱ्याचं काही बिनसलंय का?”

“का?”

“तू बोट वर करत नाहीस म्हणे.”

इथला शिरस्ता असा, की समोरून गाडी आली की हात स्टिअरिंगवरच ठेवून तर्जनी तेवढी उचलायची. ओळख असो वा नसो. आता तर्जनी म्हणजे मुळात दटावायचं बोट. करंगळी उचलावी, तर तिचा अर्थ शाळेपासून पक्का ठरलेला. आणि ऐन वेळी मधलंच उठलं तर, या धास्तीनं मी पहिले चार दिवस मूठ आवळून गाडी चालवली.

बरं, बोट उचलायचं कधी? हे कच्चे रस्ते १८७१ पासूनच्या सरकारी मोजणीत पट्टी ठेवून आखल्यासारखे सरळ. वळण नाही, झाड नाही. समोरच्या ट्रकची धूळ दोन मैलांवरून दिसते. मी ८० च्या वेगात, तोही ८० च्या. गाठ पडायला सव्वा मिनिट. लग्नात नको असलेला पाहुणा मांडवाच्या त्या टोकाला दिसावा आणि हसू कधी सुरू करायचं ते कळू नये, तसं होतं. लवकर उचललं तर बोटाला रग लागते. उशीर झाला तर नमस्कार धुळीला.

जानेवारीत, उणे ३० मध्ये, मला एकदाची वेळ साधली. साधली म्हणून इतका हरखलो, की बोटावर न थांबता अख्खा हात वर केला, प्रचाराला निघालेल्या उमेदवारासारखा. गाडी बर्फावरून सावकाश, अगदी अदबीनं कडेच्या चरात उतरली. पिकअपवाले आजोबा मागे फिरले, दोर बांधला, पाच मिनिटांत मला बाहेर काढलं. हसले नाहीत, पैसे घेतले नाहीत. मला तर गहिवरूनच आलं. तिथून सरळ पोस्टात गेलो, तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “डावीकडच्या चरात ना? बोट पुरतं हो. हात काढायचा नसतो.”

रोज सकाळी गावातले निवृत्त शेतकरी कॉफीला जमतात, त्याला ‘कॉफी रो’ म्हणतात. आपला पारच, फक्त गरम केलेला. तिथं माझा चर आठवडाभर पुरला.

आजोबांनी उभा जन्म मसूर पेरला, पण आमटी खाल्लेली नव्हती. आभार म्हणून काळा मसाला घालून डबाभर नेऊन दिली. डबा लखलखीत धुऊन परत आला, आत सस्काटून बेरीच्या जॅमची बाटली. भांडं रिकामं परत करू नये हे त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. आमटीबद्दल मात्र एक शब्द नाही.

गेल्या दिवाळीत लातूरला आलो. चुलतभावाची गाडी घेऊन निघालो, रस्त्याच्या कडेला थांबलो, खाली उतरलो. समोरून काळी-पिवळी आली आणि माझं बोट आपोआप वर गेलं. करकचून ब्रेक लागला. आतले चौदा जण माझ्याकडे बघायला लागले. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

“एकच सीट ना? औशाला? बसा की मग. काय, कुठनं आलात?”