सर्चमध्ये वर आला म्हणजे माल चांगला, हे खरं नाही

गेले काही दिवस कोकणातल्या विक्रेत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की ऑनलाईन दुकानात सर्च केल्यावर वेगवेगळ्या विक्रेत्यांचा माल मुद्दाम मिसळून दाखवणं ही गिऱ्हाईकाची फसवणूक आहे, जो माल वर आला तो चांगला म्हणूनच वर आला, मिसळलं की फालतू माल वर येतो, ज्याला दुसरा विक्रेता हवा त्याने फिल्टर लावावा, आणि या सगळ्याने साईट स्लो होते. मी कुडाळला बसून आमच्या भागातल्या बागायतदारांच्या एका छोट्या साईटचं सर्च सांभाळते, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

आधी "वर आला तो चांगला". सर्च इंजिनला आंब्याची चव कळत नाही हो. बऱ्याच ठिकाणी पहिली चाळण असते ती बीएम२५ नावाच्या सूत्राची, आणि ते शब्द मोजतं, म्हणजे शोधलेला शब्द नावात-वर्णनात किती वेळा आलाय, बाकीच्या मालात तो किती कमी सापडतो, मजकूर किती लांब आहे, बस. आता एकाच विक्रेत्याने देवगड हापूस १ डझन, २ डझन, ४ डझन, ५ डझनची पेटी, गिफ्ट पॅक असं करत तीस लिस्टिंग टाकली आणि सगळ्यांचं वर्णन कॉपी पेस्ट, तर तिसांचाही स्कोअर, म्हणजे सूत्राने दिलेले मार्क, जवळपास सारखा येतो आणि ती सगळी एकाखाली एक चिकटून दिसतात. गेल्या सीझनला आमच्याकडे नेमकं हेच झालं, पाडव्याच्या सुमाराला "हापूस" टाकलं की पहिलं अख्खं पान एकाच बागेचं. त्यांचा आंबा अजिबात वाईट नव्हता. पण बाकीच्यांचा आंबा कुणी बघितलाच नाही, मग चांगला का वाईट ते कळणार कुठून? आणि हे इथे थांबत नाही, कारण जे वर दिसतं त्यावरच लोक क्लिक करतात, अनेक सर्च ती क्लिक पुढच्या क्रमवारीत धरतात, म्हणजे आज वर असलेला उद्या आणखी घट्ट वर बसतो. हापूसचा सीझन मोजून दोन-अडीच महिन्यांचा, त्यातले पहिले पंधरा दिवस असे गेले तर लहान बागायतदाराने पेट्या कुणाला विकायच्या?

"फालतू माल वर येतो" हा मुद्दा मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण मिसळणं बेअक्कलपणे केलं तर तसं होतंच. एका विक्रेत्यामागे एक असं डोळे मिटून वाटत सुटलात तर हापूस शोधणाऱ्याला तिसऱ्या नंबरवर आंबापोळी दिसेल. पण असं कुणी करायला सांगतच नाहीये. आम्ही स्कोअरप्रमाणे पहिले शंभर घेतो, पहिल्याच्या मानाने ज्यांचा स्कोअर फारच खाली आहे ते तिथेच काढून टाकतो, आणि उरलेल्यांत एका विक्रेत्याची पहिली वस्तू पूर्ण स्कोअरने, दुसरी ०.८ने गुणून, तिसरी ०.६४ने, अशी धरतो. म्हणजे खरंच खूप जुळणारा माल असेल तर त्याच विक्रेत्याची दुसरी वस्तूही वर राहते, बंदी कुणावरच नाही. ही कल्पना आमची नाही, १९९८ साली कार्बोनेल आणि गोल्डस्टीन या संशोधकांनी मांडलेली पद्धत याच जातीची आहे, वस्तू किती जुळते ते बघायचं आणि आधी निवडलेल्यांसारखीच असेल तर तिचे मार्क कापायचे. गूगलनेही जून २०१९मध्ये जाहीर केलं की वरच्या रिझल्टमध्ये एका साईटची साधारण दोनपेक्षा जास्त पानं येणार नाहीत.

आणि जिथे मिसळायचं नाही तिथे मिसळायचं नाही! कुणी "वेंगुर्ला ४" काजूची कलमं शोधली आणि ती एकाच नर्सरीकडे आहेत तर तिचीच दाखवायची. विक्रेत्याचं नाव टाकून शोधलं तरी तेच. उलट कुणी नुसतं "कोकम" टाकलं तर त्याला आमसुलं हवीत, आगळ हवं का सरबताचं अमृत कोकम हवं ते आपल्याला माहीत नसतं, तिथे विक्रेते बदलून पाच प्रकारची आमसुलं दाखवली तरी आगळवाला रिकाम्या हातानेच जातो, म्हणून आधी प्रकार मिसळायचे आणि मग विक्रेते.

फिल्टरचं म्हणाल तर फिल्टर लावायला विक्रेत्याचं नाव माहीत असावं लागतं. मुंबईत बसून मोबाईलवर बघणाऱ्याला एका वेळी चार वस्तू दिसतात, त्या चारही एकाच्या असल्या तर दुसरा कुणी आहे हेच त्याला कळत नाही.

स्लो होतं हे तर शंभर ओळींच्या यादीबद्दल बोलू नका, तेवढी यादी परत लावायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. इलास्टिकसर्च या सर्चच्या सॉफ्टवेअरमध्ये विक्रेत्याप्रमाणे गट करायची सोय आयतीच आहे, फक्त त्यात सापडलेल्या वस्तूंचा एकूण आकडा गट करण्याआधीचा येतो, त्यामुळे पानांची संख्या चुकते, ते तेवढं सांभाळा.

राहिली फसवणूक. ग्राहक संरक्षणाच्या २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत लिहिलंय की दुसऱ्यांचा माल विकायला जागा देणाऱ्या साईटने क्रमवारी कशावर ठरते ते साध्या भाषेत सर्वांना दिसेल असं सांगायचं. आम्ही मराठीत लिहून टाकलंय, वरचे ०.८ आणि ०.६४सुद्धा. लपवलं असतं आणि कुणी फसवणूक म्हटलं असतं, तर चाललं असतं.

एक अडचण मेसेजवाल्यांनी मांडलीच नाही, ती मी मांडते. "विक्रेता" म्हणजे नक्की कोण? एकाच माणसाने तीन नावांनी खाती उघडली तर तो तीनदा वर येतो, त्यासाठी आम्ही आता नाव न बघता जीएसटी नंबर आणि बँक खातं बघून गट करतो. उलटं पण होतं, वीस-पंचवीस शेतकरी मिळून एका सोसायटीच्या एकाच खात्यावरून विकतात आणि आमचं सूत्र त्या सगळ्यांना एकच माणूस समजून खाली ढकलतं, म्हणजे ज्यांच्यासाठी हे केलं त्यांनाच फटका. म्हणून या सीझनपासून प्रत्येक पेटीबरोबर बागेचं गाव आणि बागायतदार असे दोन रकाने भरून घेतोय आणि सोसायटीच्या मालाचे मार्क कापताना बागायतदार बघतोय.