‘माल मागच्या दाराने गेला’ या अभिप्रायाला दुकानमालकाचे उत्तर

आदरणीय ग्राहक महोदय,

सवलतीतल्या टॅब्लेटसाठी आपण रीतसर नोंदणी केली होती, ती पक्की झाल्याचा संदेशही आपल्याला मिळाला होता, आणि तरीही सायंकाळी आपण काउंटरवर आलात तेव्हा ‘या क्रमांकावरचा नग सकाळीच नेला आहे’ असे ऐकून आपल्याला रिकाम्या हाताने परतावे लागले. याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो. काउंटरवरचा मुलगा त्या वेळी ‘आता आम्ही काय करणार’ असे म्हणाला असेल, तर त्याबद्दलही क्षमस्व.

आपल्या अभिप्रायात तीन मुद्दे आहेत. नोंदणी क्रमांक ओळीने दिलेले असल्यामुळे कोणीही दुसऱ्याचा क्रमांक ताडू शकतो, हा पहिला. संदेशातल्या लिंकचा शेवटचा अंक बदलला की दुसऱ्या ग्राहकाची नोंदणी उघडते, हा दुसरा. आणि तिसरा असा की नोंदणी हा नुसता देखावा होता, खरा माल मालकाने मागच्या दाराने ओळखीच्यांना वाटून टाकला. पहिल्या दोन मुद्द्यांवर मी खाली लिहितोच आहे आणि तिथे उगाच हट्टाला पेटणार नाही. तिसरे वाक्य मात्र जिव्हारी लागले आहे, कारण ते वाचून माणसे दुकानाकडे पाठ फिरवतील, आणि या दुकानावर माझ्या एकट्याचे नव्हे, तर इथे काम करणाऱ्या प्रत्येकाचे घर चालते.

मागच्या दाराने माल द्यायचा तर नोंदणीबाहेरचा एक तरी नग हाताशी असावा लागतो. तसा तो नव्हता. प्रत्येक टॅब्लेटच्या खोक्यावर त्याचा अनुक्रमांक छापलेला असतो, तो बिलावर येतो, आणि या विक्रीत प्रत्येक बिलावर नोंदणी क्रमांकही घातलेला आहे. जेवढे नग आले तेवढ्याच नोंदण्या उघडल्या होत्या. शेवटच्या नगाच्या वेळी कच्च्या प्रणालीत गफलत होते हे मला ठाऊक आहे : दोघांनी एकाच क्षणी बटण दाबले की दोघांनाही ‘एक शिल्लक’ दिसतो आणि एका वस्तूला दोन धनी उभे राहतात. आमच्याकडे साठ्यातून एक वजा करणे आणि नोंदणी लिहिणे या दोन्ही गोष्टी एकाच व्यवहारात होतात, मध्ये दुसऱ्याला शिरकाव नसतो, त्यामुळे मागून पोहोचलेल्याला ‘संपले’ असेच उत्तर मिळते. त्या रात्री बिले, नोंदण्या आणि अनुक्रमांक यांचा ताळा मी स्वतः बसून घेतला. एकही नग इकडचा तिकडे झालेला नाही. दुकानातल्या कोणालाही नोंदणी करण्याची परवानगी नव्हती. माझ्या सख्ख्या भाच्याने एक नग बाजूला ठेवायला सांगितले होते, त्यालाही मी नाही म्हटले, आणि तो अजून माझ्याशी धड बोलत नाही. ज्या गोष्टीपायी घरात वाईटपणा घेतला, नेमकी तीच केल्याचा ठपका चारचौघांत लागला की माणसाला काय वाटते, हे आपण समजून घ्याल अशी आशा आहे.

आता आपल्या नगाविषयी. तो सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी, समोरच्या काउंटरवरून, आपल्याच क्रमांकावर, पूर्ण पैसे भरून गेला. कोणी अंदाजाने क्रमांक टाकत असेल तर त्याच्या खुणा मागे राहतात. शेजारचे क्रमांक तपासले जातात, काही चुकतात, काहींचा माल आधीच गेलेला असतो, आणि हे सगळे लॉगमध्ये, म्हणजे प्रणाली आपोआप ठेवते त्या नोंदीत, उतरते. इथे तसे काही नाही. कोड पहिल्याच वेळी स्कॅन झाला, मुलाने नाव विचारले, समोरच्याने नोंदणीवरचे, म्हणजे आपले, नाव सांगितले, आणि ते पडद्यावरच्या नावाशी जुळले. तो संदेश त्या माणसाच्या हाती कसा पडला, याचे उत्तर लिहिताना मला संकोच होतो, पण आपण आरोप जाहीरपणे केला आहे, तेव्हा उत्तरही जाहीरपणेच द्यावे लागते. आदल्या रात्री आपण आनंदाच्या भरात त्या संदेशाचा स्क्रीनशॉट सर्वांना दिसेल असा टाकला होता. क्रमांकाच्या शेवटच्या अंकांवर आपण आठवणीने हसरा चेहरा चिकटवला होता, नाव मात्र स्वच्छ वाचता येत होते आणि त्याखालचा क्यूआर कोड उघडाच होता. त्या चौकोनात तोच क्रमांक संपूर्ण भरलेला असतो. कॅमेऱ्याला तो तुमच्या फोनवर दिसला काय आणि दुसऱ्याच्या फोनवरच्या चित्रात दिसला काय, फरक पडत नाही. यात आपल्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही. माल मिळाल्याचा आनंद कोणाला सांगावासा वाटत नाही? पण त्याचे खापर मागच्या दारावर फोडू नये, एवढेच म्हणतो.

यावर कोणी म्हणेल, आणि ते बरोबरच म्हणेल, की नुसता क्रमांक दाखवून माल मिळतो हीच मुळात कच्ची गोष्ट आहे. घराचा क्रमांक दारावर लिहिलेला असतो, म्हणून तो किल्ली होत नाही. नोंदणी क्रमांकाने नोंद कोणती आहे ते कळते, समोर उभा असलेला माणूस तिचा हक्कदार आहे की नाही ते कळत नाही. नाव विचारण्याने फारसा फरक पडत नाही, कारण जिथे क्रमांक मिळतो तिथेच बहुधा नावही मिळते. क्रमांक ओळीने देणे ही हिशेबाच्या सोयीची जुनी सवय आहे, आणि एकाला आपला क्रमांक कळला की शेजाऱ्यांचे क्रमांकही कळतात हा तिचा तोटा आहे, हे मान्य. तथापि आपण सुचवलेला उपाय, म्हणजे ताडता न येणारा लांबलचक कोड, या प्रसंगी आपल्या उपयोगी पडला नसता. ताडता न येणारा कोड स्क्रीनशॉटमधून मात्र आरामात स्कॅन होतो.

लिंकचा मुद्दा खरा आहे आणि ती फट आपला अभिप्राय वाचला त्याच रात्री बुजवली. आता लिंक उघडली तरी नोंदणीच्या वेळी दिलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकल्याशिवाय आत काहीच दिसत नाही. हा दोष आमच्याच वाट्याला आला असेही नाही. वेबसाइटच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या ‘ओवॅस्प’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ साली दहा प्रमुख धोक्यांची यादी काढली, तीत ज्याचा अधिकार नाही त्यालाही आत शिरता येणे हाच धोका पहिल्या क्रमांकावर होता. परंतु कोणता अंक कुठे बदलायचा हे आपण अभिप्रायात पायरीपायरीने लिहिलेत, ते मात्र मला योग्य वाटले नाही. अभिप्राय आला तेव्हापासून फट बुजेपर्यंत अनोळखी लोकांनी ओळीने क्रमांक टाकून पाहिले, आणि त्यांत ज्यांची नावे उघडी पडली ते आपल्यासारखेच ग्राहक होते. दुकानाचा फोन क्रमांक पाटीवर आहे, बिलावर आहे. एक फोन करून आम्हाला सांगितले असते आणि दुसऱ्या दिवशी हवा तेवढा कडक अभिप्राय लिहिला असता, तरी मला तक्रारीला जागा नव्हती.

‘नोंदणी उघडताच संपली, म्हणजे आधीच ठरलेले होते’ असेही आपण ओघात म्हटले आहे. महोदय, स्वस्त आणि मोजक्या वस्तूची वेळ जाहीर झाली की माणसांच्या आधी यंत्रे रांगेत येतात. काही जण वस्तू नुसती कार्टमध्ये अडकवून ठेवतात, मुदत संपली की पुन्हा अडकवतात, आणि बाकीच्यांना ती संपल्यासारखी दिसत राहते; म्हणूनच आम्ही कार्टमध्ये राखून ठेवण्याची सोय दिलीच नव्हती. ‘एका व्यक्तीस एक’ या अटीचेही तसेच. जीमेलच्या पत्त्यात नावामध्ये टिंब घातले किंवा पुढे अधिकचे चिन्ह लावून काही लिहिले, तरी पत्र एकाच पेटीत येते, प्रणालीला मात्र ते वेगवेगळे पत्ते वाटतात. अशा नोंदण्या आमच्याकडेही आल्या. कोणाच्या, ते इथे लिहिणार नाही; ज्यांनी केल्या त्यांना ठाऊक आहे. अमेरिकेत २०१६ साली कार्यक्रमांच्या तिकिटांपुरता अशा यंत्रखरेदीविरुद्ध कायदा झाला, दुकानांतल्या मालाला त्याचे संरक्षण नाही.

ओळखपत्र का पाहिले नाही, हा प्रश्न खाली इतर काहींनी विचारला आहे. नोंदणी मुलगी करते आणि माल न्यायला वडील येतात, हे आमच्याकडचे रोजचे चित्र आहे. अशा वडिलांना परत पाठवले असते तर त्याचाही अभिप्राय आलाच असता. शिवाय ओळखपत्रांच्या प्रती घेऊन ठेवायच्या म्हणजे त्या सांभाळण्याची नवी जबाबदारी आली, आणि ती निस्तरण्याइतकी आमची यंत्रणा मोठी नाही. माल देतानाही ओटीपी मागावा हे मलाही पटते. मात्र चार आकडी ओटीपीच्या शक्यता १०,००० एवढ्याच असतात, म्हणून तो सहा आकडी हवा, चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा हवी, आणि गर्दीच्या वेळी संदेश उशिरा आला तर मागे ताटकळलेल्या माणसांचे काय, याचाही विचार हवा. प्रणाली बनवून देणाऱ्या मंडळींशी या सगळ्यावर, क्रमांकांच्या पद्धतीवरही, बोलणे चालू आहे आणि पुढच्या सवलतीच्या विक्रीपूर्वी योग्य ते बदल केले जातील.

त्या किमतीचा नग आता शिल्लक नाही, आणि कुठून तरी आणून देतो असे खोटे आश्वासन मी देणार नाही. परत आलेला एखादा नग असल्यास पहिला फोन आपल्याला जाईल. सकाळी ११ वाजून २० मिनिटांचे काउंटरवरचे चित्रण मी वेगळे काढून ठेवले आहे, कारण एरवी ते काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. दुसऱ्याच्या नावावर माल उचलल्याची तक्रार आपण पोलिसांत द्यावी. ते चित्रण, बिल आणि खोक्याचा अनुक्रमांक मी त्यांच्या स्वाधीन करीन. आपल्या अभिप्रायातला एक तारा एकच राहू द्या, लिंकविषयीचा मजकूरही राहू द्या. फक्त मागच्या दाराचे ते वाक्य काढावे अशी विनंती आहे, आणि ते काढण्यापूर्वी बिले पाहायची असतील तर कोणत्याही दिवशी दुकानात या, मी स्वतः दाखवीन.

आपला,
दुकानमालक