चुनखडी वितळून संगमरवर होत नाही : एक खुलासा

खडकांच्या चक्राचं एक चित्र सध्या ग्रुपवर फिरतंय. त्यात म्हटलंय की अग्निजन्य खडकाचा आधी गाळाचा आणि मग रूपांतरित खडक होतो, ठरलेल्या क्रमाने. आणि चुनखडी वितळली की संगमरवर तयार होतो. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

रूपांतर घन अवस्थेतच होतं. जमिनीखाली उष्णता आणि दाब वाढला की चुनखडीतले कॅल्साइट या खनिजाचे बारीक कण वाढून एकमेकांत गुंतलेले मोठे स्फटिक होतात. हे कशावरून? पाटीच्या दगडात, जो असाच एक रूपांतरित खडक आहे, ताणले गेलेले, वेडेवाकडे झालेले जीवाश्म सापडतात. दगड वितळला असता तर त्यांचा मागमूसही उरला नसता. स्कॉटलंडचे भूवैज्ञानिक जेम्स हॉल यांनी १८०५ साली आपले प्रयोग मांडले : चुनखडीची भुकटी बंदुकीच्या नळीत घट्ट बंद करून तापवली, तर संगमरवरासारखा दगड मिळाला. उघड्या भट्टीत मात्र चुनखडी कार्बन डायऑक्साइड सोडते आणि मागे चुना राहतो. दाबाचं महत्त्व इथे दिसतं. जो खडक खरोखर वितळतो त्याचा शिलारस होतो, आणि तो थिजला की अग्निजन्य खडक.

क्रम वगैरे काही ठरलेला नसतो. ग्रॅनाइट थेट रूपांतरित होऊ शकतो, वालुकाश्म झिजून पुन्हा वालुकाश्मच बनू शकतो.

हे चित्र मुलांच्या वह्यांत उतरू नये असं मनापासून वाटतं. कृपया ते पुढे पाठवू नका. आधीच पाठवलं असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.