बोअरमध्ये डिझेल दिसत नाही म्हणजे जमीन साफ झाली असं नसतं

इंधन मुरलेल्या इंडस्ट्रियल साईटबद्दल माझं मत कुणाला पटो न पटो, पण सांगतोच. लोक साफसफाईवर पाण्यासारखा पैसा ओततात आणि तपासाची वेळ आली की हात आखडतात, चार बोअरचं दोनवर आणतात, आणि मग काही वर्षांनी तीच जागा परत उकरत बसतात.

मुळात बहुतेक ठिकाणी काही मोठा अपघात वगैरे झालेला नसतो. जमिनीखालची टाकी गंजलेली असते नाहीतर पाईपचा एखादा जॉईंट वर्षानुवर्षं पाझरत असतो, आणि स्टॉक रजिस्टरमधली घट बाष्पीभवनाच्या खात्यावर टाकली की सगळे खूष. खाली काय चाललंय तर इंधन मातीतून उतरतं, थोडं कणांच्या मधे अडकून राहतं, उरलेलं भूजलाच्या पातळीपर्यंत पोचतं आणि पाण्यापेक्षा हलकं म्हणून त्याच्यावर तरंगत आडवं पसरतं. त्यातलं बेंझीन, टोल्युईन वगैरे हळूहळू पाण्यात विरघळतं आणि पाण्याबरोबर चालायला लागतं. पिण्याच्या पाण्यात बेंझीन किती चालतं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने लिटरला 10 मायक्रोग्रॅम. आता पेट्रोलमध्ये एक टक्का बेंझीन धरा, एका लिटरमध्ये 8 ग्रॅमच्या आसपास होतं, म्हणजे ते सगळं विरघळलं तर 8 लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत न्यायला एक लिटर पेट्रोल पुरे!! त्यामुळे "थोडंसंच सांडलंय हो" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

आता तपासातली खरी गंमत. मॉनिटरिंग वेल म्हणजे भूजल तपासायची बोअर घेतात, बेलर म्हणजे पाणी काढायची नळी आत सोडतात, वर काढतात, पाणी स्वच्छ, तवंग नाही, वास नाही, रिपोर्टमध्ये लिहून मोकळे की तरंगणारं इंधन आढळलं नाही. पण त्या वेलचा स्लॉटवाला, म्हणजे पाणी आत यायला फटी पाडलेला, पाईप कुठून सुरू होतो ते कुणी बघितलं का? स्लॉट जर पाण्याच्या पातळीच्या दोन मीटर खाली सुरू होत असतील तर वर तरंगणारं डिझेल आत येणार कुठून, ते बाहेर अख्ख्या पाईपला टेकून आरामात बसलंय! स्लॉट पाण्याच्या पातळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे पाहिजेत, आणि पातळी वर्षभर वरखाली होते तेवढं सगळं अंतर त्यात आलं पाहिजे. एवढी साधी गोष्ट, पण ड्रिलिंगच्या दिवशी साईटवर कुणी जाणकार उभा नसतो आणि ड्रिलरकडे असतील ते पाईप खाली जातात.

त्यात पाण्याची पातळी वर आली की इंधन मातीच्या छिद्रांत पाण्याखाली अडकतं आणि वेलमधला थर पातळ होतो, कधी कधी गायबच होतो. पातळी उतरली की तेच सुटून परत वेलमध्ये जमतं. म्हणजे फक्त पाणी वर असतानाचं रीडिंग घेऊन "सुधारणा झाली" म्हणणं ही निव्वळ फसवणूक आहे, स्वतःची तरी किंवा दुसऱ्याची. उलटही होतं, बारीक मातीत वेलमध्ये अर्धा मीटर थर दिसला म्हणजे बाहेर जमिनीत अर्धा मीटर शुद्ध इंधन आहे असं नसतं, बरंच कमी असतं, पण त्या अर्ध्या मीटरवर लिटरचा हिशोब मांडून टेंडर निघतात.

सॅम्पलिंगचं तर बोलायलाच नको. पाण्याची ती 40 मिलीची छोटी बाटली काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी करून टिचकी मारायची, बुडबुडा दिसला तर बाटली बाद, कारण बेंझीन त्या हवेत पळतं. हे सगळं करायचं सोडून मातीचा नमुना साध्या पिशवीत, पिशवी गाडीच्या डिकीत, डिकी उन्हात. लॅबला दोष देऊन काय उपयोग, त्यांच्याकडे पोचेपर्यंत निम्मा माल उडालेला असतो (आणि क्लायंटला आकडा कमी आला म्हणून आनंद).

साफसफाईच्या पद्धतींचंही तेच, आधी मशीन ठरतं मग साईट. थोडी आणि वरवरची माती असेल तर खोदून नेणं ठीकच आहे, पण कातळाच्या भेगांत उतरलेलं इंधन पोकलेन काय काढणार? पंपाने तरंगणारा थर उपसला तरी फडकं कितीही पिळा ओलं राहतंच तसा बराच भाग मातीत राहतो. पंप चालू असताना आकडे छान उतरतात, बंद केला की काही महिन्यांत परत चढतात. म्हणून पंप बंद केल्यानंतरची रीडिंग दाखवा, चालू असतानाची नको. व्हॅक्यूम लावून मातीतली वाफ ओढणं पेट्रोलला मस्त लागू पडतं पण डिझेल तेवढं उडतच नाही, तिथे हवा खेळती ठेवून जिवाणूंना काम करू देणं बरं.

जिवाणूंवरून हल्लीचा लाडका शब्द आठवला, नॅचरल अटेन्युएशन, म्हणजे प्रदूषण निसर्गालाच हळूहळू कमी करू देणं. हे थोतांड नाही बरं का. अमेरिकेत मिनेसोटामधल्या बेमिडजीजवळ 1979 मध्ये पाईपलाईन फुटून 17 लाख लिटरच्या आसपास कच्चं तेल बाहेर आलं, बरंचसं काढलं तरी काही लाख लिटर जमिनीतच राहिलं. 1983 पासून त्यांचं भूगर्भ सर्वेक्षण खातं तिथे अभ्यास करतंय. मातीतले जिवाणू विरघळलेलं बेंझीन खातात आणि त्यामुळे दूषित पाण्याचा पट्टा वाटला होता तेवढा पसरत नाही, हे तिथे दिसलं. पण तेल मात्र इतक्या दशकांनंतरही तिथेच आहे! आपले लोक यातलं पहिलं वाक्य उचलतात आणि दुसरं विसरतात.

काही न करता बसणं आणि मोजत बसणं यात फार फरक आहे. जिवाणू खरंच खात असतील तर त्या पट्ट्यात ऑक्सिजन, नायट्रेट, सल्फेट कमी झालेलं आणि विरघळलेलं लोह, मिथेन वाढलेलं दिसतं, आणि बेंझीन वर्षागणिक, पाणी वर असताना आणि खाली असताना, दोन्ही वेळा उतरताना दिसतं. कन्सल्टंट "निसर्ग करेल" म्हणाला की हे आकडे मागा. सोबत शेजारच्या इमारतीच्या फरशीखालच्या वाफेचं रीडिंगही मागा, कारण पाण्यात काय चाललंय ते बघताना वर बसून काम करणारी माणसं काय हुंगतायत हे विचारायचं राहूनच जातं.